हातात दिलेला चेंडू

प्रिय सई आणि ईशान,

तुमची आजी टेनिस खेळून पोट भरत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. खेळ कुठे शिकली, ते मी कधी नीट सांगितलं नाही. परवा खंडाळ्याच्या क्लबातून फोन आला. त्यांना माझा सत्कार करायचा आहे आणि कोर्टाला माझं नाव द्यायचं आहे. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसते, उठते, पुन्हा बसते.

त्याच कोर्टावर, मी शाळेत असताना, एक बाई मला म्हणाल्या होत्या, "ए मार्करची, बाकावर बसू नकोस. घामाचा वास राहतो."

मी त्यांच्याच मुलीला तासभर खेळवून दमले होते. उठले. उन्हात उभी राहिले.

मार्कर म्हणजे क्लबाचा नोकर. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की मार्कर जाळीपलीकडे उभा राहतो. तो जिंकत नाही. चेंडू सभासदाच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर आणून देतो. सभासदाला वाटतं, आज आपला खेळ काय बहरलाय! माझे वडील, आबा, तिथे मार्कर होते. बायकांना पुरुष मार्कर नको असे, म्हणून त्यांनी मला उभं केलं.

"त्येंना पळवायचं न्हाई, पोरी. हातात द्यायचा बॉल. आपलं काम त्ये."

मी ते काम फार चांगलं शिकले. सकाळी लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत कविता पाठ म्हणायची. संध्याकाळी मागच्या दाराने क्लबात शिरायचं.

शाळेतल्या बाईंनी पुण्याच्या स्पर्धेत माझं नाव घातलं. दुसऱ्याच फेरीत समोर कोण? मला बाकावरून उठवणाऱ्या बाईंची तीच मुलगी. तिची आई सामन्याआधी आबांकडे आली.

"पोरीला सांगून ठेवा. इथेही रोजच्यासारखंच. आमच्या मुलीची संघात निवड व्हायची आहे."

"व्हय बाईसाहेब," आबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, हरणार नाही. पण पहिला सेट हरले. मुद्दाम नाही. हातच ऐकेना. कोपरा मोकळा दिसायचा आणि चेंडू जायचा तिच्या उजव्या हाताला. कमरेच्या उंचीवर. मी घाबरले. माझा हात माझा नव्हताच.

तिची आई शेजारणीला हसून सांगत होती, "आमच्या क्लबातलीच आहे. छान खेळवते."

लोकांनी माना डोलावल्या. कुणी मला शाबासकीही दिली. नोकराला देतात तशी.

बाजू बदलताना मी जाळीशी थांबले. "आबा, आता मी खेळणार."

"नोकरी जाईल माजी, बाय."

"ठाऊक आहे."

त्यांनी मान खाली घातली.

मग मी ती जिथे नाही तिथे मारायला लागले. प्रत्येक चेंडूला हाताशी भांडत. काही बाहेर गेले. काही जाळीत. पण ती मुलगी पळायला लागली. तिला पळायची सवय नव्हती. मी जिंकले. हस्तांदोलनाला तिने हात पुढे केला नाही.

आबांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. ते एका हॉटेलात माळीकाम करू लागले. बरेच दिवस माझ्याकडे पाठ करून जेवायचे. मग एका सकाळी हॉटेलच्या मागच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने आडवी रेघ ओढली, जाळीच्या उंचीची.

"हितं मार. आता कुनाच्या हातात द्यायचा न्हाई."

पुढे मी देशाबाहेर खेळले. लहान गावं, लहान स्पर्धा, जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. थकले की चेंडू पुन्हा समोरचीच्या हातात जायचा. एका परदेशी प्रशिक्षकाने विचारलं होतं, "तू इतकी सभ्य का खेळतेस?" सभ्यपणा नव्हता तो. मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

परवाच्या फोनवर क्लबाचा तरुण सचिव होता. फार अदबीने बोलत होता. मी विचारलं, "तुमच्याकडच्या नोकरांच्या मुली कोर्टावर खेळतात?"

"हो मॅडम, मेंबर्सना पार्टनर नसेल तर खेळवतात की."

"आपापसात?"

"नाही हो. तसं अलाउड नाही."

"मग माझं नाव कोर्टाला देऊ नका."

"मॅडम, गंमत करताय ना?"

"नाही."

रविवारी मी तिथे जाणार आहे. सभासदांना खेळवणाऱ्या, क्लबातल्या स्वयंपाक्याच्या दोन मुली बरोबर असतील. त्यांच्या आईशी बोलले. नवऱ्याच्या नोकरीचं काय होऊ शकतं, तेही सांगितलं. ती म्हणाली, "न्या मावशी. मी पन येते." आम्ही पुढच्या दाराने जाऊ. त्या दोघी एकमेकींविरुद्ध खेळतील, जिंकण्यासाठी. अडवलं तर दारात उभ्या राहू. गुडघे दुखतात, तरी उभी राहीन.

तो नियम अजून आहे. मीही अजून आहे.

तुमची आजी