ईशान्येला समुद्र

मला दुसरं काही नको होतं, तेच घर हवं होतं. डब्लिनच्या दक्षिणेला, माझ्या चेरीवूडच्या ऑफिसपासून बसने दहा मिनिटांवर, तीन खोल्या, मागे गवताची पट्टी, मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. आयर्लंडमध्ये येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती आणि हे चौथं भाड्याचं घर. भिंतीला एक खिळा मारायचा तरी आधी ईमेल करायची. घरमालकीण मात्र भली बाई. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी ती दारात उभी राहून मला म्हणाली होती, "एक-दोन वर्षांत विकीन म्हणते. पण आधी तुम्हाला विचारीन, मग बाकीच्यांना." तेव्हापासून मी ते घर मनातल्या मनात माझंच समजत होते. पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

बँकेत घरासाठी साठवलेले पैसे होते. पुरेसे नव्हते, पण फार कमीही नव्हते. आणखी दोन वर्षं कळ काढली असती तर झालं असतं. पण कळ काढायची तर २०२० साल नसायला हवं होतं.

नवऱ्याचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला. रोज डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने जायचा, चार माणसांत असायचा. मार्चपासून तो घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, हॉट प्रेसच्या शेजारी बसायला लागला. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं ना, ज्यात आपण ओले टॉवेल वाळवतो, ते. म्हणजे एका बाजूला ओले टॉवेल आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप. बाहेर पडायची मुभा आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच, मग जरा मोकळीक आणि हिवाळा तोंडावर आला तशी परत पाच. साडेचारला अंधार पडायचा. माणसाचं डोकं फिरणारच. त्याचं कोस्टा रिकाकडे फिरलं.

मराठी लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी वेबिनारची लिंक टाकली होती. बारा महिने ऊन, घराजवळ समुद्र, आता काय काम कुठूनही करता येतं, वर जमिनीचे भाव वर्षा-दोन वर्षांत दुप्पट. बोलणारा एजंट युरोपातून तिकडे जाऊन राहिलेला, उन्हाने लाल झालेला माणूस. इथले लोक कुणाचं नाव घ्यायचं नसलं की 'युवर मॅन' म्हणतात. मलाही त्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा तो युवर मॅन. नवरा मला फोटो दाखवायचा. "बघ, नारळ. बघ, फणस. अगं, कोकणच आहे."

"मग कोकणातच घे की," मी म्हणाले. "निदान भांडायला मराठीत तरी येईल."

तो हसला नाही. त्याने कागदावर गणित मांडून दाखवलं: आत्ता प्लॉट घ्यायचा, दोन वर्षांत विकायचा, आलेल्या पैशांत हे घर. मी आठवडाभर नाही म्हणाले. मग त्याच्या तोंडाकडे बघून, आणि खरं सांगायचं तर दुप्पट या शब्दाला भुलून, म्हणाले की घ्यायचाच असेल तर बाबांना दाखवून घ्यायचा.

बाबा म्हणजे माझे वडील. नागपूरला असतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वास्तुशास्त्रात शिरले. त्यांच्या सोसायटीत कुणी माठ जरी हलवला तरी यांना विचारून. आमच्या घराण्यात त्यांच्या होकाराशिवाय कुणी जागा घेतलेली नाही. मीही इंजिनिअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. पण जागेचा विषय निघाला की मी बाबांची मुलगी होते, त्याला इलाज नाही.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही सगळे व्हिडिओवर बसलो. नागपुरात तिन्हीसांजा झाल्या होत्या, मागे आईची उदबत्ती दिसत होती. तिकडे युवर मॅनची सकाळ. त्याने दोन प्लॉट दाखवले. पहिला टेकडीवर, समुद्रापासून आत. पक्का रस्ता, विजेचा खांब, सरकारदरबारी मालकाच्या नावाने नोंद. नवऱ्याला तोच पसंत होता. पण बाबांनी युवर मॅनला फोनमधलं होकायंत्र जमिनीवर ठेवायला लावलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "उतार नैर्ऋत्येला जाऊन राहिला. फाटक दक्षिणेला. घेऊ नका जावईबापू. फुकट दिला तरी घेऊ नका."

दुसरा प्लॉट थेट किनाऱ्यावर. मागची जमीन उंच, पुढे उतार, आणि त्या उताराखाली बरोब्बर ईशान्येला समुद्र. बाबा खुर्चीवरून अर्धे उठले. "ईशान्येला पाणी पाहिजे म्हणून लोकं घरात टाकी खोदतात. इथे आख्खा समुद्र आहे."

कॉल संपल्यावर नवरा म्हणाला, "पहिल्याचे कागद सरळ आहेत गं. याच्यात नुसतं ताबा-हक्क असं काहीतरी लिहिलंय. निदान एखाद्या वकिलाला विचारू."

मी काय म्हणाले ते मला शब्दान् शब्द आठवतं. मी म्हणाले, "दक्षिणेचं फाटक घेऊन माझं घर व्हायचंय का? बाबा आजवर कधी चुकलेत? आणि वकील शोधेपर्यंत हा पण जाईल." युवर मॅन सांगत होता ना, की आणखी दोघे तयार आहेत म्हणून. नवरा म्हणाला, "बरं." विमानं नीट सुरू नव्हती, जाऊन बघणं शक्य नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी आम्ही हॉट प्रेसशेजारी बसून जमीन घेतली. त्या दिवशी मी शिरा केला होता.

वसंतात नवऱ्याला कुंपण घालून घ्यायचं होतं. त्यासाठी त्याने उशिरा का होईना, तिथली एक वकीलबाई गाठली. तिची ईमेल आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरापर्यंतची जमीन त्या देशात सरकारची असते. पाण्यालगतची तर सगळ्या जनतेची, तिथे कुणालाच काही बांधता येत नाही. त्यामागची नगरपालिका भाडेपट्ट्याने देते, पण परक्या माणसाला पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय तेही नाही. आमचा प्लॉट सगळाच्या सगळा त्या अंतरात होता. जो कागद आमच्याकडे होता त्याला तिने सभ्य शब्दांत रद्दी म्हटलं होतं. नऊ वर्षं भाड्याच्या घरात राहून आम्ही विकत घेतलं काय, तर जे आम्हाला भाड्यानेही मिळत नव्हतं ते. युवर मॅनचा फोन लागेना.

आणि मग मी जे तोंड सोडलं ते महिनोन्‌महिने. वेबिनार कुणी बघितला, लिंक कुणी उघडली, कोकण कुणाला दिसलं. माझ्या भावाला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगून झालं. बाबांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, "दिशा उत्तमच होत्या. कागद पाहणं जावईबापूंचं काम होतं." नवरा शेजारीच होता. तो म्हणाला, "हो बाबा."

जूनमध्ये घरमालकीण आली. कोरोनामुळे घरात यायचं नाही म्हणून आम्ही मागच्या गवतावर तीन खुर्च्या टाकल्या, चहा दिला. तिने सांगितलं की ती आता मुलाकडे राहायला जाणार, घर विकतेय, आणि शब्द दिला होता म्हणून आधी आमच्याकडे आलीय. किंमतही जरा कमीच लावीन म्हणाली. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

"यांना विचारा," मी इंग्रजीत म्हणाले. "यांनी आमचे पैसे कोस्टा रिकाच्या समुद्रात घातले."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "खरंय," तो तिला म्हणाला. "सगळी चूक माझीच." म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. होतं असं कधी कधी, म्हणाली, चहा संपवला आणि गेली.

संध्याकाळी तो कप धूत होता. मी बाजूला उभी राहिले. शेवटी मीच म्हणाले, "एकदा तरी मला म्हण ना, की तो प्लॉट तूच निवडलास म्हणून."

"म्हणून काय होणारे?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कप पुसून कपाटात ठेवले.

सप्टेंबरात आम्ही डब्लिनपासून तासभर उत्तरेला, ड्रोहेडाला आलो, पाचव्या भाड्याच्या घरात. डब्लिनमध्ये परवडेल असं काही मिळेना. मुलीची शाळा सुटली, आणि ती माझ्याशी जे थोडंफार बोलायची तेही दोन आठवडे सुटलं. घर दाखवलं तेव्हा नवऱ्याने सवयीने खिशातून फोन काढला, होकायंत्र उघडायला. मी म्हणाले, "राहू दे." पण मला कळलंच होतं. दुपारचं ऊन थेट दारातून आत आलं होतं. दक्षिण.

सामान लावत होतो तेव्हा बाबांचा फोन आला. हात भरलेले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पहिलाच प्रश्न, "दार कोणत्या दिशेला?"

"पूर्वेला," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांशी खोटं बोलले.

"वा. मग आता काळजी नाही," बाबा म्हणाले. "जावईबापूंना सांग, या वेळी तरी डोळे उघडे ठेवा म्हणावं. मागल्या वेळेस त्यांच्यापायी घर गेलं तुझं."

नवरा भांड्यांचं खोकं घेऊन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलेन म्हणून तो थांबला असावा, कारण खोकं जड होतं तरी त्याने ते खाली ठेवलं नाही. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पेला सोडवत राहिले.

"हो बाबा," तो म्हणाला.