पत्नी एक, मुलगा एक

सतरा वर्षं फौजेत काढून घरी काय आणलंत, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं: पोरीच्या शिक्षणाची सोय. माजी सैनिकाच्या मुलांसाठी कॉलेजात काही जागा राखून ठेवलेल्या असतात. सैनिक कल्याण कार्यालयातून दाखला घ्यायचा, अर्जाला जोडायचा, की बापाच्या नोकरीचा हक्क पोराकडे जातो. मुलीला मी लहानपणापासून ऐकवत आलो होतो, "तू फक्त अभ्यास कर. दाखल्याचं माझ्याकडे लागलं." दुसरं काही तिला देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतंच. मी सटाण्याच्या घरी वर्षातून दोनदा सुट्टीवर जाणारा माणूस. पेन्शनीत आल्यावरही ते काही सुटलं नाही. नाशिकला गंगापूर रोडवर एका सोसायटीत सिक्युरिटीचा सुपरवायझर म्हणून लागलो, मागच्या बाजूला खोली मिळाली, आणि बायको आणि मुलगी सटाण्यातच राहिल्या. महिन्यातून एकदा मी जायचो. मुलगी पाणी आणून द्यायची, ताट वाढायची आणि मग समोर नीट बसून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. मला ते फार खुपायचं. पण तक्रार कुणाकडे करणार? घरातला पाहुणा मीच होतो.

बारावीला तिला चांगले गुण पडले. नर्सिंगला जायचं म्हणाली, आणि तेही नाशिकच्या एका कॉलेजात. आमच्या जागेतून नंबर लागला तर लागणार होता, एरवी अवघड होतं. मला आधी एकच कळलं, की ती माझ्याकडे राहायला येणार. मी खोलीला रंग दिला. लोखंडी कॉट आणली, खिडकीला पडदा लावला, दोन माणसांचा कुकर घेतला. सोसायटीतल्या बायका हसून विचारायच्या, "काका, लग्न काढलंय की काय?" मी म्हणायचो, "मुलगी येतेय माझी." हे वाक्य मी त्या आठवड्यात विनाकारण कितीतरी जणांना ऐकवलं.

दाखल्यासाठी ती पहाटेच्या एसटीने सटाण्याहून आली. आम्ही दोघं कार्यालयात गेलो. टेबलामागचे गृहस्थही जुने फौजीच होते. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं, कुटुंबाचं पान काढलं आणि चष्मा वर केला.

"हवालदारसाहेब, मुलीचं नाव नाही इथे."

"नीट बघा."

"बघितलं ना. पत्नी एक, मुलगा एक. मुलगा आता वीस वर्षांचा असेल. काय करतो?"

हाच प्रश्न पलटणीत मला कितीदा विचारला गेला होता, आणि प्रत्येक वेळी मी न अडखळता उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मुलगी शेजारच्या खुर्चीवर मांडीवर फाईल घेऊन बसलेली होती.

शेवटी तीच म्हणाली, "तो नाहीये, सर. माझ्या जन्माच्या आधीच गेला. आठ महिन्यांचा होता."

त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि आमच्यासाठी पाणी मागवलं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, आणि त्यात माझ्याशिवाय कुणाचाही दोष नाही. फौजीच्या घरात मूल झालं की कागद पाठवून त्याची नोंद करून घ्यायची असते. तिला आम्ही पार्ट टू ऑर्डर म्हणतो. ती निघाली की मूल सरकारदरबारी तुमचं. मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा मी आठवड्याच्या आत कागद पाठवले होते, अख्ख्या बराकीला जिलेबी वाटली होती. तो तापाने गेला तेव्हा मी बर्फात होतो. रस्ते बंद. मी सटाण्याला पोचलो तेव्हा सगळं उरकून बरेच दिवस झाले होते. मी त्याला दोनदा पाहिलं होतं फक्त. परत गेल्यावर क्लार्ककडे जाऊन त्याचं नाव कमी करून घ्यायचं होतं. दोन ओळींचा अर्ज. मी केला नाही. उद्या करू, पुढच्या महिन्यात करू. दरवर्षी कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म यायचा, त्यात मी त्याचं वय एकाने वाढवून लिहायचो. पहिल्या वर्षी जड गेलं. नंतर बरं वाटायला लागलं. तो शाळेत गेला, पाचवीत गेला, त्याला गणित आवडू लागलं. सोबती विचारायचे आणि मी सांगायचो.

मुलगी झाली तेव्हा क्लार्क म्हणाला, घरातल्या हयात माणसांचा दाखला आण, तिचं नाव चढवू. त्या दाखल्यात मुलगा नसता. मी तो आणलाच नाही. बायको एकदा फोनवर म्हणाली होती, "पोरनं नाव टाकेल शे ना?" मी "हो, पोरीचं नाव टाकलंय" म्हणून मोकळा झालो. पेन्शनीला येतानाही तेच पान तसंच पुढे आलं आणि मी खाली सही केली. पोरीच्या दाखल्यासाठी तेच पान उघडावं लागेल, हा विचार मी कधी मनात येऊच दिला नाही.

कार्यालयातून बाहेर आल्यावर रसवंतीवर बसलो. मी तिला हे सगळं सांगितलं. ती ग्लासातला बर्फ बोटाने ढकलत ऐकत होती.

"मम्मीला माहितीय?"

"नाही."

मग तिने विचारलं, "तिकडे फौजेत कुणी विचारलं की तुम्ही काय सांगायचात? एक मुलगा, एक मुलगी?"

खोटं बोलायची सवय अंगात होती, पण आता खोटं बोलवेना. "एक मुलगा," मी म्हणालो.

ती रडली नाही, चिडली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. तिने रस संपवला, फाईल पिशवीत घातली आणि म्हणाली, "चला पप्पा, सटाण्याची गाडी सुटेल."

नाव चढवून मिळतं, फक्त वेळ लागतो. आधी मुलाच्या मृत्यूचा दाखला काढायला हवा होता, मग प्रतिज्ञापत्र, मग सगळे कागद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला. मी जीव तोडून धावलो. नगरपरिषदेत त्याच्या मृत्यूचा कागद हातात घेताना मला पहिल्यांदा हुंदका फुटला, इतक्या वर्षांनी, परक्या माणसांसमोर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी एकलीच रडत ऱ्हायनू तवा." पण इकडे प्रवेशाच्या याद्या काही माझ्यासाठी थांबल्या नाहीत. नाशिकची जागा गेली. मुलीला सर्वसाधारण यादीतून धुळ्याचं कॉलेज मिळालं. धुळ्यात तिचा मामा राहतो.

तिला पोचवायला मी गेलो. हॉस्टेलच्या ऑफिसात तिने फॉर्म भरला, मी शेजारी उभा होतो. वडिलांच्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं, हुद्दाही लिहिला. मला बरं वाटलं. खाली छापलं होतं: काही झाल्यास कोणाला कळवायचं. तिथे तिने मामाचं नाव घातलं, नातं लिहिलं, त्याचा नंबर पाठ होता तो लिहिला. माझ्याकडे लक्ष गेलं तशी पेन थांबवून म्हणाली, "मामा लगेच येतो ना, पप्पा. म्हणून."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी बराच वेळ तो शोधत राहिलो, मिळाला असता तर बरं झालं असतं.

"बरोबर केलंस," मी म्हणालो, आणि पालकांच्या सहीच्या जागी सही केली.