चुलीभोवती फिरवलेलं पिल्लू

कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगाचा दुधाळ वास आला की रझाकारांच्या काळातली आमची चूल आठवते. वडिलांनी आणलेलं पिल्लू आईनं चुलीभोवती फिरवलं, कपाळाला राख लावली आणि म्हणाली, "आता ह्ये घर सोडून कुठं जात न्हाई." थोड्याच दिवसांत गाव जाळणार अशी आवई उठली. आम्ही बैलगाडीतून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघालो. पिल्लू वेशीपर्यंत मागं धावलं, थबकलं आणि घराकडं माघारी पळालं. "थांबा, आणते त्याला," आई ओरडली. वडिलांनी बैल थांबवले नाहीत. परत आलो तेव्हा घर जळून गेलं होतं. पिल्लू चुलीपाशीच होतं, जळून कोळसा झालेलं. काल नातीनं पिल्लू आणलं. सून म्हणाली, "मामा, गॅसपुढं तरी ओवाळू का?" मी म्हणालो, "नको बाई. त्याला पळता येऊ दे."