डाव्या हाताची नाडी

मुलांनो, धाकटी आजी फोनवर पूर्वीसारखी का बोलत नाही, असं तुम्ही विचारता. नीट सांगते.

माझ्या या जावेच्या रक्तवाहिन्यांना तरुणपणापासून सूज आहे. डाव्या हाताकडे जाणारी वाहिनी इतकी अरुंद झाली, की त्या मनगटात ठोका लागत नाही. "बाई, हा हात सासरच्यांवर रुसलाय," म्हणायची आणि हसत गोळी गिळायची.

त्या सकाळी ईट गावच्या घरी भाकरी थापता थापता ती कलंडली. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली, शब्द फुटेना. शेजारच्या चुलत सासूबाई धावत आल्या. आपल्याकडं बाईची नाडी डाव्या हाताची बघतात. त्यांनी डावं मनगट चाचपलं आणि हंबरडा फोडला, "गेली गं बाय! गंगाजळ आणा!"

"तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल!" मी ओरडले. "उजवा हात धरा."

त्यांनी धरला. "अगं बया, हाय की!"

आम्ही तिला तसंच गाडीत घालून बार्शीला दवाखान्यात नेलं. तिथंही रक्तदाबाचा पट्टा डाव्या दंडाला बांधू लागले, तेव्हा मी पुन्हा तेच सांगितलं. उजव्या हातावर रक्तदाब फार चढलेला निघाला. डॉक्टरांनी आधी तो उतरवला, मेंदूचा फोटो पाहिला आणि आम्हाला बाजूला घेतलं.

"मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय, ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण सुजलेल्या वाहिन्यांचा भरवसा नसतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीवही जाईल. नाही दिलं, तर वाचा आणि उजवी बाजू परत येईल असं वाटत नाही. लवकर सांगा."

दीर म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा."

"शिक्षण इथं पुरत नाही, भावजी. बायको तुमची आहे."

 ते डॉक्टरांना म्हणाले, "द्या. मुकी राहिली तर मला शिव्या कोण देईल?" आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

रक्तस्राव झाला नाही. वाचा आली, पण अर्धीमुर्धी. तेव्हा फोनवर ती थांबली तर घाई करू नका, तिला शब्द सापडू द्या. उजव्या हातात मात्र जोर आला नाही. भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्या अजून सवयीनं तिचं डावं मनगट धरायला जातात. मग ती डाव्या हातानं आपला उजवा हात उचलते आणि त्यांच्या मांडीवर ठेवते.