शकीलभाईंचा मुकादम

शुक्रवारची नमाज आटोपून शकीलभाई ऑफिसात परतले, की आमचा धडधाकट सर्व्हर मेला असं धरून चालायचं. तसा नियमच होता. टोपीची घडी खिशात घालत ते दारातूनच विचारायचे, "काय, गेला का मुकादम?" मी मान हलवायची, आणि मग त्या न मेलेल्याला जिवंत करण्यात आमची दुपार जायची.

हा मुकादम कोण ते सांगायला हवं. आम्ही एका ट्रस्टच्या दवाखान्यांचं संगणकाचं काम बघायचो. मोठा दवाखाना जळगावला, दुसरा धुळ्याला, यावल आणि साक्रीला लहान केंद्रं. रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, सगळं वेगवेगळ्या सर्व्हरवर. त्या सगळ्यांना चालू-बंद करणारा, कुणाला किती जागा द्यायची ते ठरवणारा एक वेगळा सर्व्हर असतो. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव शकीलभाईंना आवडत नसे. त्यांनी त्याला मुकादम करून टाकलं. मुकादम आजारी पडला तरी बाकीचे कामावर राहतात, पण त्यातला एखादा आडवा झाला तर त्याला उठवायला कुणी उरत नाही. म्हणून मुकादमाचा बॅकअप रोज घ्यायचा. मुकादम जळगावला आमच्याच ऑफिसात, म्हणून त्याची प्रत धुळ्यात.

एवढं सगळेच करतात. शकीलभाईंचा हट्ट त्यापुढचा. बॅकअप झाल्याची हिरवी खूण पडद्यावर दिसली की आम्ही खूश, ते नाही. "जाताना तर सगळेच दिसतात," ते म्हणायचे. "परत आलेलं दाखव." मग ती प्रत एका बाजूला काढलेल्या जुन्या मशीनवर उतरवायची, मुकादम तिथे उभा करायचा आणि सगळी नावं जागच्या जागी आहेत का ते बघायचं. त्यांच्या वडिलांचं भुसावळला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेलं घड्याळ ते गिऱ्हाइकाला लगेच देत नसत, आधी चार दिवस स्वतःच्या फळीवर चालताना बघत. लेकाने तेच उचललं होतं.

या शुक्रवारच्या कामात त्यांची एक खोड होती आणि तिचा मला मनस्वी राग यायचा. ते कीबोर्डला हात लावायचे नाहीत. खुर्ची मागे ओढून, माझ्याकडे चक्क पाठ करून चहा पीत बसायचे. मी अडले तरी गप्प. फारच झालं तर गावाकडच्या बोलीत एवढंच, "आधी जुन्याले निजव, मंग नव्याले उठव." एकाच नावाचे दोन मुकादम एकाच वेळी जागे राहिले तर दोघंही हुकूम सोडतात आणि कुणाचंच चालत नाही, म्हणून जुना पुरता बंद करूनच नव्याला सुरू करायचं, हा त्याचा अर्थ.

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली, नाशिकला तारीखही मिळत होती. हे मात्र टाळाटाळ करत राहिले. भाभींचे हात जोडून झाले, ट्रस्टच्या साहेबांचं रागावून झालं. शेवटी एक दिवस मीच भांडायला उभी राहिले.

"बेटा, मी तिकडे टेबलावर पडलेला असताना इकडे मुकादम गेला तर तू काय करशील?" त्यांनी विचारलं. "माझ्याशिवाय तो एकदा तुझ्या हातून उभा राहू दे. मग मी खुशाल जातो."

दर शुक्रवारी मीच तर करते, मी म्हटलं.

"शुक्रवारी मी खोलीत असतो."

या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नव्हता. आठवड्याभरात दुखणं वाढलं आणि ते भुसावळला घरी पडून राहिले. ऑपरेशनला तरीही होकार नाही.

आणि तेवढ्यात खरोखर घडलं. रणरणत्या दुपारी जळगाव-धुळे दोन्हीकडे वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मुकादमाच्या मशीनची डिस्क बसली. त्याच झटक्यात धुळ्याचा रिपोर्टचा सर्व्हरही आडवा झाला. धुळ्याच्या खिडकीवर रांग लागली. मी तिथली प्रत मागवून नव्या मशीनवर मुकादम उभा करायला घेतला. नावं दिसायची आणि नाहीशी व्हायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी शकीलभाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. कुणी उचलला नाही. रागाच्या तिरमिरीत सर्व्हरच्या खोलीत गेले, तर मेला म्हणून सोडलेला जुना मुकादम वीज आल्यावर आपोआप अर्धवट जागा होऊन बसलेला. त्याची वायरच उपसली. सगळं पहिल्यापासून केलं. एकेक नाव येत गेलं आणि टिकलं. धुळ्याचा सर्व्हर उठवला, तिथल्या ताईंनी रिपोर्ट दिसतात म्हणून कळवलं. मी शकीलभाईंना एका शब्दात लिहिलं, "उठला."

लगेच उत्तर आलं, "शाबास. मी झोपलो होतो."

पुढच्याच आठवड्यात ते नाशिकला गेले. ऑपरेशन नीट झालं. निवृत्त होऊन चांगली काही वर्षं जगले, नातवंडांत रमले. भेटले की मी त्यांना छळायचे, इकडे मुकादम मेला आणि हे घोरत होते म्हणून. ते नुसते हसायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मला आजही त्यांची फार आठवण येते.

भुसावळला भेटायला गेले तेव्हा भाभींना जरा बरं वाटावं म्हणून मी हा झोपेचा किस्सा काढला. त्यांनी मान हलवली.

"झोपले कुठले? फोन हातातच होता. वाजत होता आणि हे बघत होते. मी म्हटलं, उचला ना, पोरगी घाबरली असेल. तर म्हणाले, आज उचलला तर ती कायम मलाच विचारेल, आणि मी काय कायम असणार आहे? मग तुझा निरोप येईपर्यंत दारात बसून राहिले, चपला घालून. नाहीच जमलं पोरीला तर मिळेल त्या गाडीने जातो म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा उतरू नका म्हणून सांगितलं होतं."