उशी कुठल्या बाजूला

बँकेतल्या फोनवर वैनीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणी पाहुणे आले असतील. वैनी कामाशिवाय फोन करत नाही, आणि केला तर आधी माझ्यावर रागावून घेते. त्या दिवशी रागावली नाही. "सुमन, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली, आणि जरा थांबून, "गाडीत आहेत." गाडीत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हायवे आला, लॉरी आली, फुटक्या काचा आल्या… चामराजपेटला पोचेपर्यंत ऑटोत बसून मी अपघातच बघत होते. प्रत्यक्षात गाडी आमच्या गल्लीत, घरासमोर, रोजच्या जागी उभी होती. पडदे ओढलेले. आत माझा थोरला भाऊ, अण्णा, दुपारचा आडवा झाला होता तो तसाच होता. आता काही आठवडे होऊन गेले. भेटायला येणारे म्हणतात, रड गं, मोकळी हो. रडू येत नाही, त्याला मी काय करू? सकाळी बँकेत जाते, खिडकीवर बसते, घरी येऊन भात लावते. भाताला चव लागत नाही, एवढंच कळतं.

ही गाडी कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर अण्णा कळायचा नाही. त्याने कारखान्यातून व्हॉलंटरी रिटायरमेंट घेतली ती वैनीला हिंडवायचं म्हणून. आमच्या आईच्या अंथरुणापाशी वैनीची बारा-पंधरा वर्षं गेली होती. आई गेली, तेव्हा अण्णा म्हणाला, आता हिला जग दाखवायचं. पण वैनीला लॉजमध्ये झोप येईल तर शपथ! "त्या गादीवर कोण कोण लोळून गेलंय, देवाला ठाऊक," म्हणायची. म्हैसूरला ती रात्रभर लाकडी खुर्चीत बसून राहिली, उटीलाही तेच. परत येताना बसमध्ये अण्णाच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत आली. त्यानंतर अण्णाने एका शाळेची जुनी व्हॅन आणली, आतले बाक काढले, पलंग ठोकला, ओटा केला, पडदे लावले. "तुला घर सोडवत नाही ना? मग घरच घेऊन जाऊ," म्हणाला. वैनीने पडद्याचं कापड तेवढं बदलून घेतलं. ती तिची संमती.

राहिला पंखा. बंगळूरच्या थंडीतसुद्धा वैनीला डोक्यावर पंखा घरघरल्याशिवाय झोप लागत नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवणार का? मग अण्णाने एस. पी. रोडवरून सोलर पॅनल आणलं. घराच्या गच्चीवर बसवतात तसलं, चांगलं दाराएवढं, खाली कलत्या लोखंडी पायांचा स्टँड. आमच्या गल्लीत सोलर म्हणजे गच्चीवरचा गरम पाण्याचा बंब, दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नाही. समोरचे विचारायला लागले, अण्णा, चालत्या गाडीत अंघोळ करणार का? अण्णा प्रत्येकाला सांगत बसला की हे पाण्याचं नाही, विजेचं. ऊन पडलं की लॉरीची बॅटरी भरते आणि रात्री त्यावर छोटा पंखा आणि एक दिवा चालतो. ऐकणारे कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाण्याचंच विचारायचे.

बसवताना शिडी धरायला मी होते. दुकानदाराने बजावलं होतं, पॅनलचा उतार नेहमी दक्षिणेला. घराचं ठीक आहे, घर काही फिरत नाही. गाडीचं काय? अण्णा टपावर बसून विचार करत राहिला. उतार मागच्या बाजूला ठेवला तर पळत्या गाडीत समोरचा वारा पॅनलखाली शिरेल आणि सगळं उचकटून नेईल. म्हणून उतार पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणजे थांबू तिथे गाडीचं तोंड दक्षिणेला करायचं, की झालं. भोकं पाडली, बोल्ट आवळले, रबराच्या चकत्या घालून वर डांबर लिंपलं, वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली. संध्याकाळी बटण दाबलं आणि पंखा फिरला. अण्णाने मला हाक मारली ती अशी, की मी पोळी तव्यावर टाकून धावले.

वैनी आली, पलंगावर बसली, पंख्याखाली हात धरून बघितला. मग तिने खिडकीतून देवळाच्या कळसाकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि उठलीच. हवा यावी म्हणून अण्णाने उशी मागच्या दाराशी ठेवली होती, पंखाही तिथेच. गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे झोपणाऱ्याचे पाय नेमके दक्षिणेला! आमच्यात तसं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. "जित्तेपणी यमाकडं पाय करून झोपायचं होय?" वैनी बेळगावकडची, तिचा हेल अशा वेळी जास्तच ऐकू येतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. अण्णा म्हणाला, रात्री ऊन नसतं, झोपताना गाडी फिरवू. ती म्हणाली, चिखलात मी नाही अंधारात गाडी फिरवू देणार. मग स्टँड फिरवायचा विचार झाला, तर वारा. पलंग उलटा करायचा, तर ओटा आड. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. एके सकाळी वैनी गाडीत शिरली, उशी उचलली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अण्णा तोंडात बोट घालून बघत राहिला. पंखा मात्र आता पायांवर वारा घालणार होता. "पाय गार तर डोकं गार," अण्णा म्हणाला, आणि तो हलवायचा राहिलाच.

एकदाच गेले दोघं. श्रीरंगपट्टणच्या अलीकडे कावेरीच्या काठाला एक रात्र. आल्यावर वैनीने बाकी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "झोपले गं मी." पुढचा बेत गोकर्णाचा होता, समुद्र बघायचा. पाडव्यानंतर निघायचं ठरलं होतं… तो पाडवाही आता होऊन गेला.

दुपारी मात्र अण्णा ऐकायचा नाही. बॅटरी भरते का बघतो म्हणून जेवल्यावर गाडीत जायचा, आणि वारा तोंडावर हवा म्हणून उशी परत मागच्या दाराशी घ्यायचा. वैनी ओरडायची. त्याचं उत्तर ठरलेलं. "दुपारी यमसुद्धा जेवून आडवा होतो."

त्या संध्याकाळी त्याला उचलून घरात आणला. हॉलमध्ये जमिनीवर ठेवायचं, तर कुणीतरी विचारलं, दक्षिण कुठली? इतकी वर्षं त्या घरात राहून आम्हाला कुणाला सुचेना. वैनी भिंतीला टेकून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीचं तोंड बघा." सगळ्यांनी दारातून बाहेर बघितलं आणि तसा त्याला ठेवला. मीही हात लावला. मला तेव्हा काही वाटलं नाही. तेवढं पक्कं आठवतं, की काही वाटलं नाही.

परवा वैनी आपणहून बोलली. आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. त्या दिवशी कॉफीला उठवायला ती गाडीत गेली, तर उशी पुन्हा मागच्या दाराशी. "मी आधी उशीवरूनच बोलले गं त्यांना. चांगली बोलले. इतकं सांगून परत तिकडंच पाय, म्हटलं, ऐकायचंच नाही का माणसाचं… बोलून झाल्यावर बघितलं." मग ती शेंगाच सोलत राहिली आणि मीही.

गाडी अजून तिथेच आहे, तोंड दक्षिणेला. चालवणारं कुणी नाही. ऊन पडतं, बॅटरी भरते. दुपारी वैनी जाऊन पंखा लावून येते, भरलेली बॅटरी तशीच ठेवू नये असं अण्णा म्हणायचा म्हणून. तेव्हा उशी मागच्या दाराशी असते, अण्णाला हवी तशी. ती हात लावत नाही. काल दिवेलागणीला मी बँकेतून आले तर ती परत गाडीत चढत होती. मी खालीच उभी राहिले. तिने उशी उचलली, झटकली, सीटमागे नेऊन ठेवली, वरून हात फिरवला. पंखा चालूच होता, रिकाम्या पायथ्यावर. उतरताना माझ्याकडे बघून म्हणाली, "रात्रीचं तरी ऐकायचे माझं."