नामदेवच्या दुपट्ट्यातल्या रोट्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय—का, ते विचारू नका.

चीनच्या लढाईनंतर पुसदबाहेरच्या माळावर जवानांच्या प्रशिक्षणाचा तळ पडला होता. तिथल्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, आसपासचीच माणसं घ्यायचे. आमच्या गावचे आम्ही दोघे गेलो, नामदेव आणि मी. नागपूरला एकाच दिवशी, शेजारी शेजारी उभं राहून दोघांनी धम्मदीक्षा घेतलेली. तळावर जात विचारली तेव्हा नामदेवनं ताठ मानेनं सांगितलं, बौद्ध. त्याला लाकडं फोडायला धाडलं. मी म्हणालो—कुणबी. माझं आडनाव दोन्हीकडे चालतं ना! मला कणीक मळायला बसवलं.

नामदेवनं ते ऐकलं होतं. तरी माझ्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून वाळकी लाकडं निवडून माझ्याच चुलीशी आणून ठेवायचा.

मग नवे मेजरसाहेब आले. जेवण रोज उशिरा, आणि जातीमुळे निम्मी माणसं रिकामी! त्यांनी हुकूम काढला—जात विचारायची नाही, ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. नामदेवला चुलीवर बसवलं. त्याबरोबर सगळे आचारी उठून चालते झाले.

आणि मी? मला कुणी हाकललं होतं का? नाही. पण मागे राहिलो तर विचारतील, हा कसा राहिला—एवढ्यालाच भ्यालो. कणकेचे हात तसेच घेऊन उठलो. याच्या हातचं खाणार नाही, असं त्यांच्याबरोबर मीही ओरडलो. नामदेवसमोर. ज्याच्या आईच्या हातचं खाऊन मी वाढलो, त्याच्यासमोर.

जवानांना हाताशी घेऊन त्यानं त्या दिवशी सगळा तळ जेवू घातला. संध्याकाळी मी फाटकाबाहेर घुटमळत होतो. तो दुपट्ट्यात रोट्या बांधून आला.

"उपाशी काहून राह्यला? घे, खा. सकाळी लवकर ये, मले एकट्याले आवरत नाही."

गेलो. बाकीचेही हळूहळू परतले. साहेबांनी लंगर नामदेवच्या हाती दिला आणि त्यानं मला सांभाळून घेतलं. त्याच नोकरीवर माझी पोरं शिकली. माझं खोटं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी नामदेव वारला. मयताला तळावरचे जुने लोक आले होते. एकानं मला विचारलं, तुमची त्याची ओळख आधीपासूनची, की कामावरची?

मी म्हणालो, कामावरची.